सेवाग्राम आश्रमातील मातीचा गिलावा

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमाच्या कुट्यांच्या भिंती माती, बांबू व लाकूड यांच्या असून त्यांवर मातीचा गिलावा केलेला आहे. विदर्भातील ग्रामीण घरबांधणीची ही जुनी पद्धत होय. बापू कुटीच्या भिंतीवर मातीतच घडविलेली उठावाची चित्रे हे तिचे सुपरिचित उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळील सेगाव या खेड्यात राहावयास आले. १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. येथील बांधकाम स्थानिक साहित्यातून व गावातील कारागिरांच्या हातून व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. आदिनिवास ही आश्रमाची पहिली वास्तू. आज बापू कुटी म्हणून ओळखली जाणारी वास्तू मुळात मीराबेन (मूळ नाव मॅडेलिन स्लेड, १८९२–१९८२) यांची कुटी होती.

साहित्य

कापसाची काळी माती ओली झाल्यावर फुगते व वाळल्यावर आक्रसते. त्यामुळे केवळ तिचा गिलावा केल्यास त्याला मोठ्या भेगा पडतात. म्हणून गावठाणातील पांढरी माती किंवा मुरमाड माती घेतात. तीत कुटार मिसळल्याने आक्रसण्याचा ताण विभागला जातो. शेणातील बारीक तंतू वरचा थर बांधून ठेवतात.

पद्धत

चाळलेली माती कुटारासह भिजवून पायांनी तुडवितात व काही दिवस मुरू देतात. हा गारा बांबूच्या तट्ट्यावर दाबून बसविला जातो. पहिला थर वाळताना त्याला भेगा पडू दिल्या जातात. त्या भेगांतच पुढच्या थराला पकड मिळते. पृष्ठभाग पुन्हा ओला करून बारीक मातीचा दुसरा थर देतात, तो हाताने सारखा करतात आणि शेवटी शेणमातीने सारवतात. हाताच्या फिरण्याच्या खुणा भिंतीवर दिसतात. हाच या गिलाव्याचा नैसर्गिक पोत होय.

उठावाची चित्रे

मीराबेन यांनी कुटीच्या भिंतीवर ताडाची झाडे, चरखा व ॐ ही चित्रे उठावात घडविली. अशा कामात थर ओलसर असतानाच त्यावर ओरखडे काढून मातीच्या वळ्या दाबून बसवितात. वाळलेल्या भिंतीवर लावलेला उठाव सुटून पडतो. कच्छमधील आरसे जडविलेले लिंपणकाम याच प्रकारात मोडते. आधुनिक जिप्सम फलकांच्या भिंतींवर तयार लेप लावून, ब्रश किंवा रोलर फिरवून पोत दिला जातो. तेथे पोत हा शोभेचा वेगळा थर असतो, तर मातीच्या भिंतीत तो भिंतीच्याच द्रव्यातून निघतो.

देखभाल व जतन

पावसाच्या माऱ्याने मातीचा थर झिजतो, म्हणून पावसाळ्यानंतर भिंती पुन्हा लिंपाव्या लागतात. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही. सिमेंटचा थर सुटतो आणि मागची माती भुसभुशीत होते. उठावाच्या चित्रांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. प्रत्येक नव्या लेपाने त्यांच्या कडा थोड्या बुजतात, तर लेप न दिल्यास ती झिजतात. त्यामुळे अशा भिंतीचे जतन पातळ लेप देणाऱ्या सरावलेल्या हातांवर अवलंबून असते. ही कला जाणणारी माणसे कमी झाली, तर भिंत उभी राहूनही तिचे मूळ रूप हरपू शकते.