बियांपासून ट्युलिप : एका फुलासाठी पाच वर्षे

ट्युलिपचे बी पेरल्यापासून पहिले फूल दिसेपर्यंत साधारणपणे ४ ते ७ वर्षे जातात. काही रानटी जाती तीन-चार वर्षांत फुलतात. परंतु मोठ्या फुलांचे संकरित वाण पाचव्या वर्षापूर्वी क्वचितच कळी धरतात. याउलट, थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वी लावलेला पोसलेला कंद पुढच्याच वसंतात फुलतो. म्हणूनच जगभरातील बागांतून ट्युलिपची लागवड कंदांपासून होते. तरीही आज नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या हजारो वाणांपैकी बहुतेकांचा आरंभ कोणीतरी कधीतरी पेरलेल्या एका बियात आहे.

अलीकडे ऑनलाइन बाजारात ‘ट्युलिपचे बी’ म्हणून रंगीत पुड्या स्वस्तात मिळतात आणि आपल्याकडील हौशी मंडळींनाही त्यांचा मोह पडतो. पैसे आणि वेळ खर्च करण्यापूर्वी हे बी कसे असते, ते कसे उगवते आणि कोणत्या हवामानात फुलापर्यंत पोहोचते, हे जाणून घेणे हिताचे.

मूळ प्रदेश

ट्युलिप हे लिलीच्या कुळातील फूल. त्याच्या सर्वाधिक रानटी जाती मध्य आशियातील तियेन शान आणि पामीर-अलाय या पर्वतरांगांत आढळतात. पश्चिम हिमालयातही त्याची एक रानटी जात उगवते. तेथील ऋतुचक्रच या वनस्पतीच्या अंगी भिनलेले आहे. कडक हिवाळ्यात कंद जमिनीखाली मुळे सोडतो, बर्फ वितळल्यावर काही आठवड्यांत पाने, फूल आणि बी असा सारा संसार उरकतो आणि उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांत सुप्तावस्थेत जातो. थंडी आणि कोरडी विश्रांती या दोन गोष्टींवाचून त्याचे आयुष्य पुढे सरकत नाही.

तुर्कस्तानातील उस्मानी बागांतून हे फूल सोळाव्या शतकात युरोपात गेले. कॅरोलस क्लुसिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९३ मध्ये नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या उद्यानाची सूत्रे घेतली आणि तेथे ट्युलिप लावले. हिमालयातील रानटी जातीला शास्त्रीय परिभाषेत त्याचेच नाव आहे.

कंद आणि बी यांतील भेद

ट्युलिपचा कंद दरवर्षी नवा होतो. फुलून झाल्यावर जुना मातृकंद झिजून जातो आणि त्याच्या जागी एक मोठा व काही लहान कंद तयार होतात. हे सारे मूळ झाडाची हुबेहूब प्रतिकृती असतात. लाल ट्युलिपच्या कंदातून तसाच लाल ट्युलिप येतो.

बियाचे तसे नाही. बी दोन झाडांच्या संकरातून जन्मते. बागेतील ट्युलिप पिढ्यान्‌पिढ्या संकरित असल्याने एकाच बोंडातील दोन बियांची फुलेही एकसारखी निघत नाहीत. त्यामुळे ‘अमुक वाणाचे बी’ ही कल्पनाच फसवी ठरते. ज्याला ठरावीक रंगाचे फूल हवे, त्याने कंदच घ्यावा. ज्याला पूर्वी कधी नव्हते असे फूल पाहण्याची उत्सुकता आहे, त्याने बी पेरावे. नवा वाण घडवणारे संकरक हेच करतात. पहिल्या फुलाला पाच वर्षे, मग निवड, मग एका कंदाचे हजारो कंद करणे, असे होत नवा वाण बाजारात यायला वीसएक वर्षे लागतात.

बी धरवणे

फुलशेती करणारे फूल कोमेजताच त्याचे डोके खुडतात, कारण बी धरताना खर्च होणारे अन्न कंदाला मिळावे लागते. बी हवे असेल तर फूल देठावरच राहू द्यावे. बागेतील बहुतेक ट्युलिपमध्ये स्वतःच्या परागाने बी नीट धरत नाही. म्हणून एका वाणाचा पराग कोरड्या कुंचल्याने दुसऱ्या वाणाच्या कुक्षीवर लावतात. डार्विन संकरित गटातील बहुसंख्य वाण मात्र वांझ असतात. त्यांच्यावर हा खटाटोप व्यर्थ जातो.

दोन-तीन महिन्यांत तीन कप्प्यांचे बोंड पिकून तपकिरी होते आणि वरून उकलू लागते. ते उकलताच बी काढून घ्यावे.

खरे बी ओळखणे सोपे आहे. ते चपटे, कागदासारखे पातळ, फिकट वा गडद तपकिरी असते आणि बोंडात नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक रचलेले असते. उजेडासमोर धरल्यास सकस बियाच्या मध्यभागी गर्भाची बारीक रेघ दिसते. पोकळ बी नुसतेच पारदर्शक दिसते. पुडीतून गोल, जाड किंवा मोहरीसारखे दाणे निघाले तर ते ट्युलिप नव्हे. पुडीवर गडद निळ्या किंवा इंद्रधनुषी फुलाचे चित्र असेल, तर पुडी उघडण्याचीही गरज नाही : खरा निळा ट्युलिप आजवर कोणालाही साधलेला नाही.

पेरणी आणि थंडी

ट्युलिपचे बी उबेत उगवत नाही. हिवाळा सरला याची खात्री पटावी अशी त्याची रचना असते. म्हणून त्याला ओलसर थंडीत ८ ते १२ आठवडे काढावे लागतात. थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वी कुंडीत बी पेरून ती उघड्यावर ठेवली की निसर्गच हे काम करतो.

घरात हेच काम फ्रिजमध्ये करता येते. किंचित ओल्या वाळूत किंवा कागदी रुमालात बी गुंडाळून, पिशवीत घालून, ४ ते ५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे. पिशवीवर नाव आणि तारीख लिहावी. आठवड्यातून एकदा उघडून बुरशी आली का ते पाहावे. पांढरे मूळ डोकावले की बी मातीत लावावे.

कुंडी किमान १५ सेंटीमीटर खोल असावी. माती, जाड वाळू आणि पालापाचोळ्याचे कुजलेले खत समप्रमाणात घ्यावे. पाणी साचता कामा नये. बी सुमारे १ सेंटीमीटर खोल, एकमेकांपासून दोन बोटे अंतरावर पेरावे. कुंडी खोल असण्याला कारण आहे. कोवळे रोप आपला चिमुकला कंद एका नळीसारख्या अवयवातून दरवर्षी अधिक खाली ढकलते. उथळ कुंडीत तो तळाशी अडून बसतो.

वर्षानुवर्षांची वाटचाल

पहिल्या वर्षी कांद्याच्या रोपासारखी एकच हिरवी काडी वर येते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती सुकते. रोप मेले असे समजून माती टाकून देण्याची चूक याच वेळी होते. खाली साळीच्या दाण्याएवढा कंद तयार झालेला असतो. काडी सुकल्यावर पाणी बंद करून कुंडी कोरडी ठेवावी.

दुसऱ्या वर्षापासून दर वसंतात एकच पान येते आणि वर्षागणिक ते रुंद होत जाते. पहिली दोन वर्षे कुंडी उपसू नये. त्यानंतर सुप्तावस्थेत कंद काढून, ऐसपैस जागेत पुन्हा लावावेत. पान हिरवे असताना पातळ केलेले खत द्यावे. पान पिवळे पडण्यापूर्वी कापू नये, कारण पुढल्या वर्षीच्या कंदाचे अन्न त्यातूनच येते. ज्या वर्षी एकाऐवजी दोन-तीन पाने दिसतील, त्या वर्षी कळीची आशा धरावी. या सर्व वर्षांत प्रत्येक हिवाळ्यात कंदाला तीन-चार महिन्यांची थंडी मिळालीच पाहिजे.

रेघांचे कोडे

सतराव्या शतकात हॉलंडमध्ये पांढऱ्या पाकळ्यांवर ज्वाळांसारख्या रेघा असलेल्या ट्युलिपसाठी अफाट किंमत मोजली जाई. ‘सेम्पर ऑगस्टस’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. फेब्रुवारी १६३७ मध्ये हा बाजार कोसळला. या किमतीमागे बी आणि कंद यांतील भेदच होता. रेघांच्या फुलाचे बी पेरले तर साधी, एकरंगी फुले येत. आणि त्याचे कंद वाढत ते अतिशय मंद गतीने. मागणी वाढली तरी माल वाढवण्याचा उपायच कोणाकडे नव्हता.

कोडे सुटायला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. १९२८ मध्ये इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेच्या डोरोथी केली यांनी दाखवून दिले, की रेघांचे कारण रोगट कंदातून निरोगी कंदात संक्रमित करता येते. तो एक विषाणू असून मावा कीड त्याचा प्रसार करते. बियांतून तो पुढे जात नाही. जे सौंदर्य म्हणून विकले गेले, तो आजार होता. आजचे रेघांचे वाण मात्र निरोगी असून त्यांच्या रेघा आनुवंशिक आहेत.

गोव्यात काय शक्य आहे?

श्रीनगरमध्ये झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ मध्ये खुले झालेले ट्युलिप उद्यान सुमारे ३० हेक्टरांवर पसरले आहे. तेथे हिवाळा थंडी पुरवतो. दिल्लीच्या रस्त्यांवर दर हिवाळ्यात दिसणारे बहुतेक ट्युलिप परदेशातून मागवलेल्या, आधीच शीतप्रक्रिया केलेल्या कंदांचे असतात आणि एका मोसमापुरतेच फुलतात.

गोव्यात जानेवारीच्या रात्रीही तापमान २० अंशांच्या आसपासच राहते. कंदाला कोरडी विश्रांती हवी असते, नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडे पाऊस कोसळत असतो. फ्रिजच्या मदतीने येथे बी उगवेल, काडीही दिसेल. पण उबेत ती लवकर सुकेल आणि कंद पोसणार नाही. सलग पाच वर्षे हा क्रम सांभाळून फूल मिळवणे घरगुती साधनांनी व्यवहार्य नाही. हौसच असेल तर शीतप्रक्रिया केलेले कंद डिसेंबरमध्ये लावून एकदा फूल पाहावे. असे कंद फ्रिजमध्ये ठेवताना सफरचंद, केळी शेजारी नसावीत; पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी जळते. हे कंद खाण्याचे नव्हेत, हेही घरातल्यांना सांगून ठेवावे.

युरोपातील नातेवाइकांकडून बी किंवा कंद आणवण्याचा विचार असेल, तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना व आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय ते देशात आणता येत नाहीत. लंडनजवळ स्थायिक झालेल्या गोमंतकीयांनी मात्र आपल्या अंगणात हा प्रयोग अवश्य करावा. तेथील हिवाळा त्यांच्या बाजूने आहे.

येथे राहून बी ते फूल हा प्रवास पाहायचा असेल, तर रेन लिली हा उत्तम पर्याय आहे. तिचे बी ट्युलिपसारखेच चपटे व पातळ, फक्त काळे असते. ताजे पेरल्यास दोन-तीन आठवड्यांत उगवते, कंद एक-दोन वर्षांत फुलू लागतो आणि आपला पाऊस तिला मानवतो.