अमेरिकेतील जामीनव्यवस्थेची वाटचाल (१७८९–२०२३)

इंग्लिश विधिपरंपरेतून अमेरिकेत आलेल्या जामिनाचा मूळ हेतू मर्यादित होता : आरोपीने खटल्याच्या दिवशी न्यायालयात उपस्थित राहावे. देहदंडास पात्र नसलेल्या गुन्ह्यांत जामिनाचा हक्क १७८९ च्या संघीय न्यायव्यवस्था कायद्याने दिला. १७९१ मधील आठव्या घटनादुरुस्तीने अवाजवी जामीन मागण्यास मनाई केली. मात्र 'अवाजवी' म्हणजे किती, हे घटनेने सांगितले नाही. कॅलिफोर्नियातील बारा कम्युनिस्ट आरोपींकडून प्रत्येकी ५०,००० डॉलर मागितले गेले, तेव्हा उपस्थितीच्या खात्रीसाठी वाजवीपणे लागेल त्याहून अधिक रक्कम अवाजवी होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने स्टॅक विरुद्ध बॉईल (१९५१) खटल्यात दिला.

गरिबाचा प्रश्न त्याने सुटला नाही. ओळखीचा जामीनदार मागे पडून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धंदेवाईक जामीनदार पुढे आला होता. तो साधारणतः दहा टक्के शुल्क घेऊन हमी देई. आरोपी निर्दोष ठरला तरी शुल्क परत मिळत नसे. (न्यायालयाच्या निर्णयाची किल्ली अशी खासगी व्यावसायिकाच्या हाती जावी, ही विसंगतीच म्हणावी लागेल.) तेवढीही ऐपत नसलेला आरोपी दोषसिद्धीपूर्वीच कोठडीत राही, नोकरी गमावी, आणि सुटकेच्या आशेने गुन्हा कबूल करण्यास प्रवृत्त होई.

१९६१ मध्ये लुई श्वाइत्झर व हर्बर्ट स्टर्झ यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये 'मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट' सुरू झाला. कायद्याचे विद्यार्थी आरोपीची नोकरी, कुटुंब व वास्तव्य पडताळून पाहत आणि योग्य वाटल्यास जातमुचलक्यावर सुटकेची शिफारस करीत. अशा आरोपींपैकी गैरहजर राहिलेले अत्यल्प निघाले. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर १९६६ चा संघीय जामीन सुधारणा कायदा झाला. भारतात हुसैनारा खातून प्रकरणात (१९७९) बिहारमधील कच्च्या कैद्यांचा विचार करताना न्या. पी. एन. भगवती यांनी याच अमेरिकी अनुभवाचा आधार घेतला.

१९८४ च्या कायद्याने मात्र समाजाला असलेला 'धोका' हा निकष संघीय न्यायालयांत आणला. सालेर्नो खटल्यात (१९८७) सहा विरुद्ध तीन मतांनी प्रतिबंधात्मक स्थानबद्धता वैध ठरली, न्या. थर्गुड मार्शल यांनी ती निर्दोषत्वाच्या गृहीतकाशी विसंगत मानली. त्यांचा आक्षेप आजही निकालात निघालेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये इलिनॉय राज्याने रोख जामीन पूर्णतः रद्द केला. तेथे आता आरोपीस डांबून ठेवायचे असल्यास सरकारी पक्षाला तसा अर्ज करून, सुनावणीत त्याची आवश्यकता सिद्ध करावी लागते.