पिपाणी : नगारखान्याची पहिली पायरी

देऊळ आणि वाद्य यांचा संबंध फार पुरातन आहे. देवाची पूजा जशी गंधफुलांनी होते तशीच ती नादानेही होते. शंख, घंटा, झांज, नगारा, सनई, शिंग व तुतारी यांना देवालयात मानाचे स्थान आहे. परंतु या थोरांच्या पंक्तीत जिला कोणी कधी पाट मांडला नाही, अशी एक धाकटी बहीण प्रत्येक यात्रेत देवळाच्या दाराशी वाजत असे. ती म्हणजे मुलांची पिपाणी होय.

पी पी वाजते ती पिपाणी. नावातच तिचा आवाज आहे. कोठे तिला पुंगीही म्हणत. वास्तविक पुंगी हे भोपळ्याला दोन नळ्या बसविलेले गारुड्याचे वाद्य. मोठ्यांनी आपल्या वाद्याचे नाव पोरांच्या खेळण्याला खुशाल देऊन टाकले. 'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली' ही म्हण अशाच खेळातून आलेली दिसते.

पिपाणीला पूर्वी पैसा लागत नसे. आंब्याचे दिवस सरले, पहिला पाऊस पडला, की उकिरड्यावर टाकलेल्या कोयींना कोंब फुटत. पोरे त्या उपटून आणीत, वरची टरफले काढीत आणि आतली कोय दगडावर घाशीत. कोयीच्या दोन दळांमधली फट उघडी पडली की पिपाणी तयार! पिंपळाच्या पानाची सुरळी, पपईच्या पानाचा पोकळ देठ, गव्हाची ओली काडी, कोकणात माडाची पात, यांपैकी जे हाती येईल त्याची पिपाणी होई. जोतिबा, शिंगणापूर, पाल, जेजुरी अशा यात्रांतून मात्र ती विकत मिळे. कागदाची, पत्र्याची, पुढे फुगा लावलेली व त्यानंतर प्लॅस्टिकची. यात्रेहून परतणाऱ्या बैलगाडीत नारळ, गुलाल आणि रेवड्यांबरोबर एक तरी पिपाणी असावयाचीच.

पिपाणी व सनई यांचे नाते केवळ कल्पनेचे नाही. दोन पातळ कडांमधून वारा जोराने गेला म्हणजे त्या कडा थरथरतात व त्यातून आवाज उमटतो. कोयीच्या फटीत जे घडते तेच सनईच्या तोंडाशी बसविलेल्या ताडपत्राच्या पत्तीत घडते. फरक इतकाच, की सनईला पुढे लाकडी नळी, बोटांसाठी भोके आणि शेवटी धातूचा पसरट प्याला असतो. सनईवाला गालांत वारा साठवून नाकाने श्वास घेतो, म्हणून त्याचा सूर तुटत नाही. ही दमसाशीची विद्या लहानपणीच अंगी मुरावी लागते. ज्याने पिपाणी फुंकून गाल दुखविले नाहीत, त्याला पत्ती लवकर वश होत नाही.

देवळापुढे सनई-चौघडा वाजविण्याचे काम गुरव, घडशी आदी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. त्यांच्या चरितार्थासाठी ठिकठिकाणी जमिनी नेमून दिलेल्या असत. देवस्थान इनामाच्या जमिनींची नोंद गाव नमुना नंबर 3 मध्ये, म्हणजे दुमाला जमिनींच्या नोंदवहीत, असते. जमीन वाजविणाऱ्याच्या गुणाला नव्हे, तर सेवेला दिलेली असे. सेवा अखंड राहावी हा त्यामागील हेतू. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी काशीच्या बालाजी मंदिरात सनईचा रियाज केला, आणि 2001 साली त्यांना भारतरत्न लाभले. देवळाच्या ओवरीतून केवढे कलावंत निघू शकतात, हे यावरून दिसून येईल.

आता पुष्कळ देवळांत आरतीच्या वेळी बटन दाबले की विजेवर नगारा व घंटा वाजतात, आणि सनई ध्वनिक्षेपकावरून ऐकू येते. यंत्र थकत नाही, त्याला मानधन नको, हे खरे. पण यंत्राच्या शेजारी उभा राहून कोणताही मुलगा वाजवायला शिकत नाही. पिपाणी हा शब्दही मागे पडत चालला होता. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत ट्रम्पेट या चिन्हाला लोकांनी पिपाणी म्हटले, तेव्हा तो पुन्हा सर्वतोमुखी झाला. पण कोयीची पिपाणी काही परत आली नाही.

जीर्णोद्धार म्हणजे केवळ दगड, चुना आणि कळस नव्हे. शिखर कारागीर उभारतो, परंतु नाद माणसाच्या श्वासातून येतो, आणि तो श्वास पुढच्या पिढीने द्यावयाचा असतो. नव्या नगारखान्यात वर्षातून निदान यात्रेच्या दिवशी तरी माणसाने सनई फुंकावी, त्याच्याजवळ चार मुलांना बसवावे आणि देवळाबाहेर कोणी पोर पिपाणी वाजवू लागले तर त्याला हाकलू नये. नगाऱ्याची घाई तिथे टिमकी तुझे काय, असे म्हणतात. परंतु उद्याचा नगारखाना आजच्या पिपाणीतूनच वाजणार आहे. तो अखंड वाजत राहो, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.