आधी कोण जेवलं होतं या ताटात?

मंडळी, बंगळुरूच्या 'अदम्य चेतना' या संस्थेची एक 'प्लेट बँक' आहे. कार्यक्रमासाठी तिथून स्टीलची ताटं-पेले न्यायचे आणि वापरून परत करायचे. जर्मनीत तर १ जानेवारी २०२३ पासून पार्सल देणाऱ्या बऱ्याच हॉटेलांना, परत करता येईल अशा भांड्याचा पर्याय ठेवणं कायद्यानं बंधनकारक झालं. आपल्याकडे हा विषय काढून बघा. पहिला प्रश्न येतो, "नीट धुतात का हो?" दुसरा कुणी बोलत नाही, पण मनात असतो, "माझ्याआधी त्यात कोण जेवलं असेल?"

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आपल्याकडे मात्र दुसरा प्रश्न कायम पहिल्याच्या आड लपत आला.

तसं पाहिलं तर आमच्या मुकुटबनकडे भाड्याची भांडी म्हणजे काही नवलाई नाही. लग्न म्हटलं की बिछायत केंद्रातून सतरंज्यांबरोबर गंज, पराती, ताटं येणारच. त्याआधीचा काळ पळसाच्या पत्रावळींचा. जंगलाचा मुलूख, पानांना तोटा नाही. जेवण झालं की पत्रावळ उकिरड्यावर, की पुढचं काम गाई-बकऱ्यांचं. सोय उत्तम! पण सोयीच्या जोडीला सोवळंही होतं. पितळ-तांबं राखेनं, चिंचेनं घासलं की शुद्ध. मातीचं भांडं एकदा विटाळलं की फोडायचं. पत्रावळीचा हा प्रश्नच नव्हता. ती फेकायचीच असल्यानं पंगतीत कुणाचं उष्टं कुणाला लागायची भीती नाही.

भीती होती ती कपाची. कारण कप परत वापरला जातो. गावोगावी वळचणीला ठेवलेला तो कानतुटका कप घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. सालगड्यानं त्यात चहा प्यायचा, आपला आपण विसळायचा आणि परत तिथेच ठेवायचा. तो कप स्वच्छ आहे की नाही, हे कुणीही बघत नव्हतं. चहाच्या टपऱ्यांवरही तेच, वेगळे पेले. २००६ मध्ये घनश्याम शाह आणि सहकाऱ्यांचं ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवरचं पुस्तक आलं. ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी त्यात आहे, आणि हे वेगळे पेले तिथेही भेटतात.

या कपाशी उघड भांडण मांडलं ते कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांच्या पाठबळावर त्यांनी पुढे हॉटेल काढलं. पण दलिताच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. शंका मिटवायला त्यांनी भाषण दिलं नाही, कप तोंडाला लावला.

प्रत्येक गावाला शाहू महाराज कुठून मिळणार? म्हणून १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा आला (पुढे त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं). सार्वजनिक हॉटेलातली, धर्मशाळेतली भांडी वापरण्यापासून अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला अडवलं तर तो गुन्हा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. एका देशाला पेला-ताटासाठी कायद्यात कलम घालावं लागलं!

आता दुसरी बाजूही बघू. उष्ट्या पेल्याची प्रत्येक शंका जातीतूनच येते असं नाही. अमेरिकेत शाळांत, रेल्वेत पाणी प्यायला सर्वांसाठी एकच पेला टांगलेला असे. क्षयाच्या धास्तीनं १९०९ मध्ये डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन यांनी कॅन्सस राज्यात त्यावर बंदी आणली. कागदी कप चालला तो याच काळात. ती शंका रास्तच होती, कारण तो पेला धुतलाच जात नसे.

आपल्याकडे कागदी कप आला तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. टपरीवर सगळ्यांना सारखा कप मिळू लागला आणि वेगळ्या पेल्याची गरजच संपली. हे श्रेय मी त्याला देईन. पण कपानं प्रश्न सोडवला नाही, झाकला. शिवाय त्याची किंमत आहेच. आयआयटी खरगपूरच्या २०२० मधल्या अभ्यासात अशा कपातल्या १०० मिली गरम पाण्यात १५ मिनिटांत प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण आढळले. कपाला आतून पातळ प्लॅस्टिकचा थर असतो, त्याचे हे कण. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, तरी लग्नानंतरच्या सकाळी मांडवामागे काय पडलेलं असतं ते आपण बघतोच.

म्हणून धुऊन परत वापरायची ताटं यावीत असं मला वाटतं. पण ती चालवणाऱ्यांनी मोरी पडद्याआड ठेवू नये. गरम पाणी, घासणं, वाळवणं सगळं गिऱ्हाइकाला दिसू द्यावं. पहिल्या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरे आहे. त्यानंतरही ज्याची शंका उरते, त्यानं ती ताटाला विचारू नये, स्वतःला विचारावी.

असो. तुमच्याकडच्या पंगतीच्या, पत्रावळीच्या, वळचणीच्या कपाच्या आठवणी असतील तर जरूर कळवा. नकोशा असल्या तरी.