घोळणा, हाड आणि मेंदूतली एक रक्तवाहिनी

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं साताऱ्याला मावशीकडे जमायचो. आंबे, पत्ते, गच्चीवरच्या गाद्या... आणि मावशीचा फुटणारा घोळणा. पोळ्या लाटता लाटता ती एकदम नाकाला पदर लावून मोरीकडे धावायची. मग आजी तिच्या डोक्यावर गार पाणी थापायची, कांदा फोडून हुंगायला द्यायची आणि निदान जाहीर करायची, "उष्णता!" मावशीच्या मुलाचा, म्हणजे आमच्या दादाचाही घोळणा फुटायचा. त्यालाही कांदा. "अगदी आईवर गेलाय," असं सगळे म्हणायचे. (हे वाक्य किती खरं होतं ते कळायला पंचवीसेक वर्षं गेली.)

दोन वर्षांपूर्वी दादाला ऑफिसात बसल्या जागी फिट आली. एमआरआय काढला तर मेंदूत रक्तवाहिन्यांचा एक गुंता दिसला. तिथे धमनी आणि शीर यांच्यामध्ये असतात त्या बारीक केशवाहिन्याच नव्हत्या, धमनी थेट शिरेला जाऊन मिळाली होती. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, त्याच्या ओठावरचे दोन-तीन लाल ठिपके निरखून पाहिले आणि विचारलं, "नाकातून रक्त येतं का? घरात आणखी कोणाच्या येतं?"

पुढे जनुकांची तपासणी झाली. रिपोर्टवर शब्द होता एंडोग्लिन. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. एरर मेसेज दिसला की तो सर्च करायचा, ही सवय. केला सर्च. तर वाचायला मिळालं की एंडोग्लिन हे रक्तवाहिनीच्या अस्तरावरचं एक प्रथिन आहे, आणि त्याचं काम म्हणजे रक्तातून वाहत येणारं 'बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन-९' पकडायला मदत करणं.

बोन? मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजारात हाड कुठून आलं?

या प्रश्नाच्या मागे लागून माझे तीन-चार वीकेंड गेले. हाती लागली ती एका नावाची गोष्ट, आणि ती सांगण्यासारखी आहे.

सुरुवात करू १९३१ पासून. चार्ल्स हगिन्स नावाच्या अमेरिकन सर्जनने कुत्र्याच्या मूत्राशयाच्या अस्तराचा तुकडा पोटाच्या स्नायूच्या आवरणात बसवला, आणि तिथे चक्क हाड तयार झालं. (या हगिन्सना पुढे १९६६ मध्ये नोबेल मिळालं, पण ते प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या कामासाठी.) स्नायूंच्या परिसरात हाड उगवू शकतं, म्हणजे कोणीतरी तिथल्या पेशींना 'हाड बना' असा निरोप देत असणार. निरोप कोण देतं ते मात्र कळेना.

मग आले मार्शल युरिस्ट. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातले हाडांचे सर्जन. त्यांनी हाडाचे तुकडे हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवून त्यातलं कॅल्शियम काढून टाकलं. उरला तो रबरासारखा मऊ सांगाडा. तो सशांच्या आणि उंदरांच्या स्नायूत ठेवला. काही आठवड्यांत तिथे नवं हाड, आत मज्जेसकट! आणि ते बनवलं होतं त्या प्राण्याच्या स्वतःच्याच पेशींनी. हे १९६५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. त्या सांगाड्यात जे काही दडलं होतं त्याला युरिस्ट यांनी १९७१ मध्ये नाव दिलं, बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन. हाडाला आकार देणारं प्रथिन. थोडक्यात बीएमपी.

नाव ठेवलं खरं, पण वस्तू हातात नव्हती! हाडात ती इतकी कमी असते की किलोंनी हाड घेतलं तर मायक्रोग्रॅममध्ये हाती लागते. १९८१ मध्ये कुबेर संपत आणि हरी रेड्डी या दोघांनी एक छान प्रयोग केला (नावांवरून ओळखलं असेलच, दोघंही भारतातून अमेरिकेत गेलेले). त्यांनी त्या मऊ सांगाड्यातला विरघळणारा भाग रसायनाने धुऊन वेगळा काढला. नुसता सांगाडा ठेवला, तर हाड नाही. नुसता अर्क ठेवला, तरी नाही. दोन्ही परत एकत्र केले, की हाड तयार. आता अर्क गाळत गाळत मूळ प्रथिनापर्यंत पोचायचा रस्ता मोकळा झाला. अखेर १९८८ मध्ये जॉन वॉझनी आणि सहकाऱ्यांनी गायीबैलांच्या हाडांपासून सुरुवात करून बीएमपींची जनुकं शोधून काढली. १९६५ ते १९८८. तेवीस वर्षं!

आणि इथून गंमत सुरू झाली.

जनुकाचा मजकूर हाती आला की तो इतर प्राण्यांच्या मजकुराशी ताडून बघतात. बीएमपी-२ आणि ४ यांचा जवळचा नातेवाईक निघाला फळमाशीत. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी ती चिमुकली माशी. तिच्या अंगात औषधालाही हाड नाही! माशीच्या गर्भात हे प्रथिन पाठ कुठली आणि पोट कुठलं ते ठरवतं. १९९३ मध्ये संपत आणि सहकाऱ्यांनी माशीची प्रथिनं उंदराच्या कातडीखाली ठेवून पाहिली. उंदराने हाड बनवलं. त्याच वर्षी यूसीएलएमध्येच, म्हणजे युरिस्ट यांच्याच विद्यापीठात, हृदयरोगाच्या संशोधकांना माणसाच्या कडक झालेल्या धमन्यांत बीएमपी-२ सापडलं. बीएमपी-४ नसलेले उंदीर बनवले, तर ते हाडं बनायच्या कितीतरी आधी, गर्भाच्या अगदी सुरुवातीलाच मेले. आणि यादीत पहिला नंबर असलेलं बीएमपी-१ तर या घराण्यातलंच नाही. ते प्रथिनं कापणारं एक एन्झाइम निघालं. नंबर मात्र अजून तोच आहे.

आमच्या कोडबेसमध्ये 'सॅलरी' नावाचं एक जुनं मॉड्यूल आहे. नाव सॅलरी, पण तेच दार उघडायच्या कार्डाची नोंद ठेवतं, कँटीनचा हिशेब ठेवतं आणि सुट्ट्याही मोजतं. पंधरा वर्षांपूर्वी ज्याने ते पहिल्यांदा पाहिलं, त्याला ते पगार काढताना दिसलं एवढंच. बीएमपीचं नेमकं हेच झालं. तपासणीची पद्धत एकच होती, प्राण्याच्या अंगात ठेवा आणि हाड होतं का बघा. त्या टेस्टमध्ये जो पास तो 'हाडाचा'. टेस्ट जे विचारते त्याचंच उत्तर मिळतं. खरं तर ही प्रथिनं म्हणजे पेशींमधले निरोप. ऐकणारी पेशी कोण आणि वेळ कुठली, यावर अर्थ ठरतो. एकीकडे 'हाड हो', दुसरीकडे 'इथे पाठ', तिसरीकडे 'आता गप्प बस'.

आता दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे घोळण्याच्या बाजूने येऊ.

पॅरिसच्या आंरी रांद्यू यांनी १८९६ मध्ये वारंवार घोळणा फुटणाऱ्या आणि अंगावर लाल ठिपके असणाऱ्या एका माणसाचं वर्णन लिहिलं. १९०१ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम ऑस्लर यांनी दाखवलं की हे घराण्यात चालत येतं. १९०७ मध्ये लंडनच्या पार्क्स वेबर यांनी भर घातली. म्हणून आजाराचं नाव पडलं ऑस्लर-वेबर-रांद्यू. आज त्याला एचएचटी म्हणतात. साधारण पाच हजारांत एकाला असतो. नाक हा त्याचा फक्त दर्शनी दरवाजा. असे गुंते फुफ्फुसात, यकृतात आणि सुमारे १० टक्के रुग्णांत मेंदूतही असतात. फुफ्फुसातला गुंताही शेवटी मेंदूवरच येतो, कारण केशवाहिन्यांची गाळणी चुकवून रक्ताची गुठळी किंवा जंतू थेट मेंदूत पोचतात.

१९९४ मध्ये या आजाराचं पहिलं जनुक सापडलं, एंडोग्लिन. १९९६ मध्ये दुसरं, एएलके-१. दोन्ही रक्तवाहिनीच्या अस्तरावरचे निरोप घेणारे रिसेप्टर. पण निरोप कोणाचा? बरीच वर्षं बोट दुसऱ्याच एका प्रथिनाकडे होतं, टीजीएफ-बीटाकडे. दरम्यान बीएमपी-९ नावाचं प्रथिन नव्वदच्या दशकापासूनच माहीत होतं. ते तयार होतं यकृतात. कुलूप माहीत, किल्ली माहीत, पण दोघांची गाठ पडली २००७ मध्ये. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या गटाने दाखवून दिलं की एएलके-१ ला जाऊन बसतात ती बीएमपी-९ आणि १०. अकरा वर्षं! उशिराचा सगळा दोष नावाला देणं बरोबर नाही, प्रयोगही अवघड होते. पण ज्याच्या नावातच 'हाड' आहे ते रक्तवाहिनीचा माणूस पहिल्यांदा कशाला शोधेल?

आजचं चित्र साधारण असं. यकृतातून निघालेलं बीएमपी-९ रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं आणि अस्तराच्या पेशींना सांगत राहतं, शांत बसा, उगाच फाटे फोडू नका. एचएचटीमध्ये हा निरोप ऐकणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जन्मापासूनच खराब असते. २०१९ मध्ये दिसलं की त्या लाल ठिपक्यांमधल्या काही पेशींत दुसरी प्रतही नंतर बिघडलेली असते. म्हणून अख्ख्या अंगावर नाही, तर इथे-तिथे गुंता. (मेंदूतला असा प्रत्येक गुंता एचएचटीचाच असतो असं मात्र नाही. २०१८ मध्ये घराण्यात न चालणाऱ्या बऱ्याच गुंत्यांत केआरएएस या वेगळ्याच जनुकातला बदल सापडला.)

मेंदूत आणखी एका प्रकारचा घोस असतो, कॅव्हर्नोमा. तुतीच्या फळासारखा दिसणारा, पातळ भिंतींचा, मधूनमधून पाझरणारा. २०१३ मध्ये मिलानमध्ये एलिझाबेता देजाना यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की तिथे उलटा प्रकार होतो. सीसीएम-१ हे जनुक गेलं की अस्तराच्या पेशी बीएमपी-६ जास्त बनवू लागतात आणि स्वतःची ओळख विसरतात. हा निरोप अडवला तर घोस कमी होतात. एका आजारात निरोप ऐकू येत नाही, दुसऱ्यात तो फार मोठ्याने ऐकू येतो.

आणि एएलके-१ चा सख्खा भाऊ एएलके-२? त्याची गोष्ट वाचून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या आयलीन शोर आणि फ्रेडरिक कॅप्लन यांच्या गटाने एफओपी या अतिदुर्मिळ आजाराचं कारण शोधलं. एएलके-२ च्या जनुकात एका अक्षराचा बदल. या आजारात माणसाचे स्नायू हळूहळू हाडाचे होतात. साधं पडलं, इंजेक्शन घेतलं, तरी तिथे हाड धरतं. फिलाडेल्फियाचे हॅरी ईस्टलॅक १९७३ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर गेले, तेव्हा त्यांना जेमतेम ओठ हलवता येत होते. त्यांचा सांगाडा आज तिथल्या म्यूटर संग्रहालयात आहे. आपल्या शरीराचा अभ्यास व्हावा ही त्यांचीच इच्छा होती. २०१५ मध्ये कळलं की बदललेलं हे कुलूप ॲक्टिव्हिन-ए या भलत्याच किल्लीनेही उघडतं. म्हणजे एका भावाला ऐकू आलं नाही तर मेंदूत रक्तस्रावाची भीती, दुसऱ्याने नको ते ऐकलं तर अंगाचं हाड.

नावावर विसंबण्याची किंमत औषधातही दिसते. २००२ मध्ये अमेरिकेत कंबरेचे मणके जोडण्यासाठी बीएमपी-२ ला परवानगी मिळाली. मग काही सर्जन ते मानेच्या मणक्यांतही वापरू लागले. पण मऊ भागातल्या पेशीही तो निरोप ऐकतातच की! काही रुग्णांचा गळा इतका सुजला की श्वास अडकला, आणि २००८ मध्ये एफडीएला इशारा द्यावा लागला.

असो. मी डॉक्टर नाही, आणि बहुतेकांचा घोळणा खरंच साधा असतो. कोरडी हवा, नाकात बोट, एवढंच. पण घोळणा वारंवार फुटतो, ओठ-जीभ-बोटांवर लाल ठिपके आहेत आणि आई किंवा वडिलांनाही तेच आहे, असं असेल तर 'उष्णता' म्हणून सोडून देऊ नका. ठरलेले निकष चारच आहेत. घोळणा, ठिपके, आतल्या अवयवातला गुंता आणि घरातला इतिहास. चारपैकी तीन जुळले की निदान पक्कं. त्यातले तीन आमच्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरात रोज दिसत होते. तपासणीसाठी प्रयोगशाळा लागत नव्हती, फक्त कोणीतरी ते एकत्र मांडायला हवे होते. आता औषधंही येताहेत. २०२४ मध्ये पोमॅलिडोमाइड या गोळीने घोळणा कमी होतो असं मोठ्या चाचणीत दिसलं.

दादाचा गुंता वेळेत बंद केला, तो बरा आहे. मावशीचीही तपासणी झाली, फुफ्फुसात एक सापडला, तोही बंद केला. मागच्या दिवाळीत तिला मी ही सगळी गोष्ट सांगितली. युरिस्ट, माशी, यकृत, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे उष्णता नव्हती तर." मग थोडं थांबून, "तुझ्या आजीचाही फुटायचा रे. ती कोणाला सांगायची नाही."

आजी पक्षाघाताने गेली. मावशीच्या त्या वाक्यानंतर मी आईला फोन केला. पुढच्या शनिवारी तिची आणि माझी अपॉइंटमेंट आहे, त्यामुळे पुढचा लेख रविवारी.