सिंधुदुर्ग जिल्हा : प्रशासकीय जडणघडण आणि लोकसंख्या (१९८१-२०११)

प्रस्तावना :
जिल्हा हा महसुली प्रशासनाचा कणा मानला जातो. जिल्ह्याची निर्मिती लोकांच्या सोयीसाठी होते. परंतु निर्मितीनंतर मिळणाऱ्या सोयी बहुधा लोकसंख्येच्या निकषावर ठरतात. सिंधुदुर्गाच्या इतिहासात या दोन तत्त्वांतील विसंगती स्पष्टपणे दिसते. प्रस्तुत लेखात तिचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

जिल्ह्याची निर्मिती :
आजच्या सिंधुदुर्गाचा भूभाग ब्रिटिश काळात एका सत्तेखाली नव्हता. मालवण, देवगड व वेंगुर्ला हा किनारी भाग मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे, तर सावंतवाडी व कुडाळ हा प्रदेश सावंतवाडी संस्थानात होता. १९४८ साली संस्थान विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात समाविष्ट झाले. त्यामुळे हा जिल्हा दक्षिणोत्तर अतिशय लांब झाला. सावंतवाडीच्या शेतकऱ्यास जिल्हा कचेरीतील कामासाठी दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून रत्नागिरी गाठावी लागे. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. जुन्या शहरांपैकी कोणतेही न निवडता महामार्गालगतच्या ओरोस येथे मुख्यालय वसविण्यात आले. आज ५,२०७ चौ.कि.मी. क्षेत्राच्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत.

लोकसंख्येचे स्वरूप :
१९९१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ८,३२,१५२ होती. २००१ साली ती ८,६८,८२५ झाली आणि २०११ साली ८,४९,६५१ वर आली. म्हणजेच दहा वर्षांत १९,१७४ माणसे घटली. याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. २०११ साली साक्षरता ८५.५६ टक्के असलेल्या जिल्ह्यातील ही घट प्रामुख्याने स्थलांतर व घटता जन्मदर यांतून आली आहे. डोंगराळ, तुकड्या-तुकड्यांची जमीन आणि एकाच पावसाळी पिकावरील अवलंबन यांमुळे कोकणी माणूस मुंबईच्या गिरण्यांकडे वळला. गिरण्या मागे पडल्या, तरी चाकरमान्यांची वाट बंद झाली नाही. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण २००१ साली १,०७९ व २०११ साली १,०३६ होते. राज्याचे २०११ चे प्रमाण ९२९ होते. मात्र या आकड्यावरून स्त्रियांची स्थिती उत्तम असल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कारण त्यात कर्त्या पुरुषांच्या अनुपस्थितीचा मोठा वाटा आहे.

प्रशासनापुढील प्रश्न :
२०११ साली दर चौ.कि.मी.ला केवळ १६३ लोक होते आणि तेही विखुरलेल्या वाड्यांतून राहत होते. अशा ठिकाणी रस्ता, नळयोजना वा शाळा यांचा दरडोई खर्च वाढतो. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येचा निकष आहे. वाडी ते दवाखाना हे अंतर या आकड्यांत दिसत नाही. जमिनीच्या बाबतीत अडचण निराळी आहे. सातबारावर अनेक सहहिस्सेदार असतात, त्यांतील काही मुंबईस असतात आणि वाटप वर्षानुवर्षे रखडते. राजकीय प्रतिनिधित्वावरही परिणाम झाला. २००१ च्या जनगणनेवर आधारित २००८ च्या पुनर्रचनेत जिल्ह्यातील विधानसभेच्या चार जागांच्या तीन झाल्या, तर राजापूर लोकसभा मतदारसंघ संपुष्टात येऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा मतदारसंघ निर्माण झाला. विभाजनाने वेगळे झालेले दोन जिल्हे अशा रीतीने लोकसभेसाठी पुन्हा एकत्र आले.

निष्कर्ष :
१९८१ च्या विभाजनाने कचेरी लोकांच्या जवळ आली, हे निर्विवाद आहे. तथापि ज्या गावातून माणूस बाहेर जातो, त्या गावाची गरज माणसांच्या संख्येइतकीच कमी होत नाही. मागे राहिलेले वृद्ध, स्त्रिया व मुले यांना सेवांची निकड उलट अधिक असते. म्हणून लहान ग्रामीण जिल्ह्यांच्या नियोजनात लोकसंख्येबरोबर अंतर, भूरचना व वयोगट हे निकष विचारात घेणे आवश्यक ठरते. २०२१ साली अपेक्षित असलेली जनगणना त्या वर्षी झाली नाही. परिणामी २०११ चेच आकडे दीर्घकाळ आधारभूत राहिले. घटत्या लोकसंख्येच्या जिल्ह्यासाठी ही बाब विशेष गंभीर आहे.