डीप इम्पॅक्ट
धूमकेतूवर आघात करून त्याच्या पोटात काय आहे ते पाहणारी नासाची अवकाश मोहीम. सूर्याजवळून वारंवार जाताना धूमकेतूचा पृष्ठभाग तापून बदलतो. सूर्यमाला घडली त्या काळचे द्रव्य आत टिकून असावे, या तर्कावर मेरीलँड विद्यापीठाचे मायकल अहर्न यांच्या नेतृत्वाखाली ही मोहीम आखली गेली. याच नावाचा हॉलिवूडपट १९९८ मध्ये येऊन गेला होता. पण पृथ्वी वाचवणे हा येथे हेतू नव्हता.

यान १२ जानेवारी २००५ रोजी निघाले. लक्ष्य होते १८६७ मध्ये सापडलेला, सुमारे साडेपाच वर्षांत सूर्याभोवती फेरी मारणारा टेंपल-१. मुख्य यानापासून आदल्या दिवशी सुटलेला सुमारे ३७० किलोग्रॅमचा आघातक ४ जुलैला, भारतात सकाळचे ११ वाजून २२ मिनिटे झाली असताना, सेकंदाला सुमारे १० किलोमीटर वेगाने धूमकेतूवर आदळला. त्यात स्फोटके नव्हती; वेग पुरेसा होता. तो मुख्यतः तांब्याचा होता, कारण धूमकेतूत तांबे अपेक्षित नसल्याने वर्णपटाच्या वाचनात घोळ होत नाही. धूमकेतू छेडला म्हणून रशियातील एका ज्योतिषीबाईंनी नासावर दावा लावला. तो फेटाळला गेला. शेंडेनक्षत्राची धास्ती केवळ आपल्याकडेच नाही!

आघाताने टाल्कम पावडरीसारखी बारीक धूळ इतकी उसळली की खड्डाच दिसेना. तरी त्या धुळीच्या वर्णपटात पाणी, सेंद्रिय संयुगे, सिलिकेटे यांच्या खुणा मिळाल्या. गाभा अतिशय सच्छिद्र आणि भुसभुशीत निघाला. खड्डा अखेर फेब्रुवारी २०११ मध्ये स्टारडस्ट यानाने टिपला : व्यास सुमारे १५० मीटर, कडा पुसट. कठीण बेसाल्टात पडलेल्या आपल्या लोणारच्या ठसठशीत विवराशी त्याचे फारसे साम्य नाही.

मुख्य यान पुढेही कामी आले. चांद्रयान-१ वरील उपकरणाला चंद्रावर पाण्याच्या खुणा आढळल्या, तेव्हा जून २००९ मधील या यानाच्या निरीक्षणांनी त्यांना दुजोरा दिला. भारतीय वाचकासाठी मोहिमेचे हे फळ आघाताइतकेच मोलाचे. नोव्हेंबर २०१० मध्ये यान हार्टली-२ या दुसऱ्या धूमकेतूजवळून गेले. ऑगस्ट २०१३ मध्ये संपर्क तुटला आणि सप्टेंबरमध्ये नासाने मोहीम संपल्याचे जाहीर केले.